हात कधी उचलायचा

कोल्हापुरात फोटोवरून तैलचित्र काढून देणं हा एकेकाळी चांगला चालणारा धंदा होता. घरातलं कर्तं माणूस गेलं की तेराव्यानंतर कुणीतरी पासपोर्ट आकाराचा, कडा मुडपलेला फोटो घेऊन यायचं. एवढाच आहे, यावरनं होईल का, असं विचारायचं. होईल म्हणायचं, आगाऊ पैसे घ्यायचे आणि चौकटी आखून चेहरा मोठा करायला बसायचं. १९८८ साली डिप्लोमा हातात आल्यावर सहा वर्षं मी हेच केलं. आज माझ्या नावापुढे ‘अमूर्त चित्रकार’ असं छापून येतं. पण अमूर्त चित्राबद्दलचा पहिला धडा मला याच कामात मिळाला होता.

एका बाईंनी नवऱ्याचा फोटो दिला होता. शेतकरी माणूस, डोक्याला फेटा. फोटो काळापांढरा, म्हणून फेट्याचा रंग सांगायला त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तोवर माझं फक्त खालचं काम झालं होतं. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासभर पसरायचा आणि जिथे उजेड हवा तिथे चिंधीने पुसून काढायचा, अशी आमची पद्धत. कपाळ, नाकाचा दांडा आणि एका गालाचं हाड एवढंच पुसून निघालं होतं. डोळ्यांच्या जागी दोन खोलगट सावल्या होत्या. बाई दारातच थांबल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “थांबा की आता. हेच ऱ्हाऊ दे.”

“मावशी, अजून डोळे काढायचेत,” मी म्हणालो.

“बघत्यात की ते.”

मी ऐकलं नाही. पुढचे आठ दिवस डोळे, मिशा, फेट्याच्या चुण्या, कोटाची बटणं, सगळं मन लावून केलं. फोटोशी ताडून पाहिलं तर कुठे रेघेचा फरक नव्हता. त्या आल्या, उरलेले पैसे मोजून दिले, चित्र उचललं आणि गेल्या. चित्राकडे त्यांनी दोन क्षणही पाहिलं नाही. मला वाटलं, दुःखात असतील.

त्यांचा माणूस त्या तपकिरी धुरकट रंगात येऊन बसला होता आणि मी त्याला बटणांखाली झाकून टाकला, हे मला कळायला पंधरा वर्षं लागली. ते चित्र आता कुठल्या गावात, कुठल्या भिंतीवर आहे, मला माहीत नाही. माझ्या हातून झालेल्या चुकांमध्ये ही मला सगळ्यात जास्त टोचते.

आमच्या गावाला चित्रकलेची मोठी परंपरा आहे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावं इथल्या प्रत्येक चित्रकाराला लहानपणापासून घरच्यांसारखी माहीत असतात. आबालालांनी कोटीतीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसरात बसून जी निसर्गचित्रं केली, ती पाहूनच आमच्या पिढीतली कित्येक पोरं रंगपेटी घेऊन रंकाळ्यावर जायला लागली. मीही गेलो. मी त्या परंपरेतून बाहेर पडलो असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. मी रंकाळ्यावरच बसून होतो, फक्त फार वर्षं बसलो.

सुरुवातीच्या चित्रांत सगळं असायचं. धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी, संध्यामठ, पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा. दोन-तीन वर्षांत बायका आणि म्हशी आपोआप कमी झाल्या. मग एका पावसाळ्यात मनोरा नकोसा वाटायला लागला, कारण तो काढला की नजर थेट त्याच्याकडे धावायची आणि पाण्यावर जे चाललं होतं ते राहून जायचं. संध्यामठ शेवटपर्यंत टिकला. पाणी चढलं की तो निम्मा बुडतो, आणि बुडालेल्या दगडाचा रंग वरच्या दगडापेक्षा किती वेगळा असतो हे पाहायला मी पुन्हा पुन्हा तिथे जायचो. एक दिवस घरी आल्यावर लक्षात आलं की कागदावर दगड नाहीच, फक्त तो फरक आहे. बुडालेलं आणि न बुडालेलं. मी काही सोडून द्यायचं ठरवलं नव्हतं. ज्याची गरज उरली नाही ते सुटत गेलं.

ज्याला चित्र काढता येत नाही तो अमूर्ताकडे वळतो, असं आजही सर्रास बोललं जातं. शिकलेली माणसंही बोलतात. त्यांना एवढंच सांगेन की हुबेहूब काढताना निदान समोर फोटो असतो. चुकलं की कुठे चुकलं ते दाखवता येतं. समोर काहीच नसताना चूक ओळखायला शिकणं हे मला कितीतरी पटींनी अवघड गेलं.

आणि तिथे मी चुकलोही भरपूर. रंकाळ्याचा आधार सुटल्यावर मी घाबरलो आणि दुसरा आधार शोधला. त्या काळात आम्हा तरुण चित्रकारांवर वासुदेव गायतोंडे यांच्या नावाची मोहिनी होती. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, जे. जे.मधून १९४८ साली बाहेर पडलेला, पुढे दिल्लीत एकांतात राहून वर्षाला मोजकीच चित्रं करणारा हा माणूस. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. आपल्या चित्रांना ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हटलेलं त्यांना रुचत नसे, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणा असं ते सांगत. हे सगळं आम्ही वाचलेलं, ऐकलेलं. चित्रं मात्र पाहिलेली होती ती छापील, तळहाताएवढी. त्यावरून मी रोलर आणला आणि दीड वर्ष ‘तशी’ चित्रं केली. मोठं धूसर पिवळं क्षेत्र, मध्ये कुठेतरी लिपीसारख्या खुणा. मित्रांनी वाहवा केली.

मुंबईचे एक ज्येष्ठ चित्रकार गावात व्याख्यानाला आले होते. त्यांना गळ घालून घरी आणलं. त्यांनी सहा चित्रं पाहिली. प्रत्येकासमोर बराच वेळ उभे राहिले. मग एका चित्रातल्या पिवळ्यावर बोट न टेकवता बोट धरून विचारलं, “याच्या खाली काय आहे?”

मी म्हणालो, “कॅनव्हास.”

त्यांनी मान हलवली आणि चहा मागितला. चहा पिताना ते गावाबद्दल, तांबड्या रश्शाबद्दल बोलले, चित्रांबद्दल काही नाही. तो प्रश्न मात्र मला पुरला. छापील चित्रात मला पृष्ठभागावरची धूसरता दिसली होती आणि मी एका थरात ती बनवत होतो. काही वर्षांनी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन कलादालनात गायतोंड्यांचं मूळ चित्र समोरून पाहिलं, तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ अंगाला लागला. तिथला रंग आतून वर येत होता. खाली कुठेतरी लाल होता, त्यावर दुसरं काही, त्यावर आणखी काही, आणि प्रत्येक थराने खालच्याला थोडी वाट ठेवली होती. मी दुपारी अडीच वाजता आत गेलो आणि रखवालदाराने बंद व्हायची वेळ झाली म्हणून सांगितलं तेव्हा बाहेर आलो. घरी येऊन ती दीड वर्षाची चित्रं मी फाडली नाहीत. त्यांचे कॅनव्हास घासून पुन्हा वापरले, म्हणजे आता त्या चित्रांच्या खाली खरोखरच काहीतरी आहे.

माझं काम कसं चालतं हे लोक विचारतात, म्हणून सविस्तर सांगतो. मी सत्तावीस वर्षं एका हायस्कुलात चित्रकला शिक्षक होतो. शाळा अकराची, त्यामुळे माझे तास पहाटेचे. साडेपाचला वरच्या खोलीत जायचं, साडेआठला खाली यायचं. कॅनव्हास मी स्वतः ताणतो. प्रायमरचे तीन हात, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर. मग पहिला रंग, टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ केलेला. तो ओघळतो, कुठे साचतो, कुठे विरतो, आणि त्यातून काहीतरी सुचवतो. नंतरच्या थरांत हळूहळू जवसाचं तेल वाढत जातं. रोलर मी आजही वापरतो, पण आता तो माझ्या कामाला येतो म्हणून. ओल्या रंगावर जुनं वर्तमानपत्र दाबून उचललं की वरचा जादा रंग निघून येतो आणि खालचा थोडा उघडा पडतो. असं कधी दहा वेळा होतं, कधी तीस वेळा. एका चित्राला चार महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कितीही वेळ लागतो.

पण त्या तीन तासांतला खरा रंग लावण्याचा वेळ सरासरी वीस मिनिटं असेल. बाकीचा वेळ मी खुर्चीवर बसून बघतो. बायकोला सुरुवातीची काही वर्षं याची काळजी वाटायची. माणूस पहाटे उठतो आणि भिंतीकडे बघत बसतो, हे कुणालाही काळजीचंच वाटेल. मला स्वतःलाही आधी वाटायचं की बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं, म्हणून मी हात चालू ठेवायचो. त्या काळातली चित्रं आज पाहिली की कळतं, त्यातला निम्मा रंग केवळ हाताला काम हवं म्हणून लावलेला आहे.

तेलरंगाला घाई चालत नाही, हे तर मी पैसे मोजून शिकलो. लोक म्हणतात रंग वाळतो. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि घट्ट होत जातं, आणि हे काम महिनोन् महिने चालू राहतं. रंगारंगातही फरक असतो. अंबरात मँगनीज असतं, म्हणून तो लवकर धरतो. आयव्हरी ब्लॅक आठवडा झाला तरी बोटाला लागतो. म्हणूनच जुन्या लोकांचा नियम, खाली पातळ, वर तेलकट. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा मऊच राहून हलत राहतो आणि वरच्याला भेगा पडतात. हे मी वर्गात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी एका प्रदर्शनाआधी दोन चित्रं अपुरी होती म्हणून जाड काळ्या थरावर आठवडाभरातच पातळ पांढरा ओढला. त्यातलं एक चित्र सांगलीच्या एका गृहस्थांनी घेतलं. दोन वर्षांनी त्यांचा फोन आला. तक्रारीचा सूर नव्हता, उलट संकोच होता. चित्रावर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्यात, हे असंच करायचं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो, चित्र परत आणलं आणि सगळे पैसे परत केले. ते चित्र मी अजून ठेवलंय. मला कोणी घाई करायला सांगितलं की मी त्याच्याकडे जाऊन उभा राहतो.

घाई करायला सांगणारेही भेटले. मोठ्या शहरातल्या एका गॅलरीने माझी तीन निळी चित्रं एका महिन्यात विकली आणि दिवाळीपर्यंत आणखी आठ निळी मागितली. मी दिली. मग आणखी दिली. दीड वर्ष मी निळा सोडून दुसरा रंग पॅलेटवर काढला नाही. पैसे आले, आणि त्या पैशांतूनच वरच्या खोलीवर स्लॅब पडला, जिथे मी आज बसतो. त्यामुळे त्या दिवसांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण सहाव्या-सातव्या चित्रापासून मला सुरुवात करण्याआधीच शेवट माहीत असायचा. कुठे थांबायचं हे गॅलरीला माहीत होतं, मला शोधावं लागत नव्हतं. एका पहाटे खुर्चीवर बसलो आणि समोरच्या निळ्यात मला काहीच दिसेना. थकवा नव्हता, आजार नव्हता. नजर कॅनव्हासवरून घसरून खिडकीकडे जायची. त्यानंतर चौदा महिने मी रंगाला हात लावला नाही. गॅलरीला पत्र लिहून कळवलं, त्यांनी उत्तर दिलं नाही.

त्या चौदा महिन्यांत मी प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ तिसऱ्यांदा वाचलं. १९९० सालचं हे पुस्तक मराठीत लिहिलं गेलं, हे आम्हा चित्रकारांचं भाग्य आहे. बरव्यांच्या चित्रात वस्तू असतात, पान असतं, घड्याळ असतं, म्हणजे माझ्या वाटेवरचे ते नव्हेत. पण चित्रकाराच्या डोक्यात चित्र होताना काय चालतं हे आपल्या भाषेत, कोणताही आव न आणता कसं बोलायचं, ते मी त्यांच्याकडून शिकलो. चित्रकलेबद्दल बोलायचं म्हणजे जड शब्द वापरायचे, ही सवय आपल्याकडे फार आहे. ती मोडायला हवी.

पुन्हा सुरुवात झाली ती शाळेमुळे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मी दरवर्षी मुलं बसवायचो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती. मार्क मिळावेत म्हणून सगळेच शिक्षक जे सांगतात तेच मीही सांगायचो की कागद पांढरा ठेवू नका, कोपरान् कोपरा भरा. सातवीतली एक मुलगी कागद घेऊन टेबलाशी आली. “सर, झालं का बघा,” म्हणाली. स्मरणचित्र होतं, विषय बसस्टँड. तिने एकच बाक काढला होता, त्यावर एक पिशवी, आणि बाकीचा कागद मोकळा. माणूस कुठेच नव्हतं. मी सवयीने लाल पेन्सिल उचलली, अजून बस काढ, पाटी काढ, माणसं काढ असं सांगायला तोंड उघडलं आणि मला फेट्याच्या रंगासाठी दारात उभ्या राहिलेल्या त्या बाई आठवल्या. पंधरा वर्षांनी पहिल्यांदा. मी मुलीला विचारलं, “तुला काय वाटतं?”

ती गोंधळली. असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. चित्राकडे बघून म्हणाली, “झालंय. पिशवी ठेवून कोणतरी पाणी प्यायला गेलंय.”

परीक्षेत तिने हेच काढलं असतं तर तिला ‘सी’ ग्रेडसुद्धा मिळाली नसती, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तिला खरं ते सांगितलं की हे चित्र झालंय, घरी ठेव, आणि परीक्षेत मात्र बस काढ. हा सल्ला बरोबर होता की नाही, यावर मी आजही विचार करतो. पण त्या संध्याकाळी घरी आलो आणि चौदा महिन्यांनी कॅनव्हास ताणला. ‘झालं का’ हे आपण आयुष्यभर दुसऱ्याला विचारत राहतो. आधी सरांना, मग गिऱ्हाइकाला, मग गॅलरीला. मी मुलांना सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवली आणि त्यातली निम्मी वर्षं तो प्रश्न त्यांच्याकडून काढून स्वतःच्या हातात घेत होतो. नंतरच्या वर्षांत मी निदान एवढं केलं की लाल पेन्सिल बंद केली.

त्यानंतरचं माझं प्रदर्शन इथेच, दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी पावसाला चुकवायला म्हणून एक एसटीचे ड्रायव्हर आत आले. खाकी कपडे, हातात डबा. त्यांनी सगळी चित्रं भराभर पाहिली आणि एका मोठ्या राखाडी चित्रासमोर येऊन थांबले. मी जवळ गेलो. अर्थ विचारतील म्हणून मनाची तयारी केली. त्यांनी अर्थ विचारला नाही. उजवीकडच्या एका भागाकडे हनुवटीने दाखवून म्हणाले, “सर, हितं ब्रेक मारलाय बघा तुम्ही.”

मी काही बोललो नाही.

“वरनं मस्त सुटलाय, आन् हितं भ्यालाय.”

ते खरं होतं. त्या जागी मला एक गडद पट्टा खालपर्यंत न्यायचा होता. पण आजूबाजूचा भाग फार सुंदर जमून आला होता, तो बिघडेल म्हणून मी निम्म्यात हात उचलला आणि कडा पुसून घेतल्या. दोन महिने ती जागा मला खटकत होती आणि मी स्वतःला समजावत होतो की हाच संयम. योग्य वेळी थांबणं आणि भिऊन थांबणं यांत फरक आहे, आणि तो रंगात उमटतो, हे मला घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाने दाखवून दिलं. प्रदर्शन संपल्यावर मी ते चित्र घरी नेलं आणि पट्टा खाली ओढला. आजूबाजूचं जमलेलं बिघडलं. मग ते पुन्हा जमवायला सात महिने गेले, आणि जे आलं ते आधीचं नव्हतं, त्याहून बरं होतं.

२०१५ साली मुंबईत झालेल्या लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र २९ कोटींहून जास्त किमतीला गेलं, तेव्हा माझ्याही घरचा फोन आठवडाभर वाजत होता. नातेवाईक, जुने सहकारी, सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, तुझ्या चित्रांचं काय. त्यांचा हेतू चांगला होता. मला वाईट याचं वाटलं की त्या चित्रात काय आहे हे कुणी विचारलं नाही. ज्या चित्रकाराने रोज खुर्चीत बसून वाट पाहण्यात आयुष्य घालवलं, त्याच्या नावापुढे आमच्या लोकांना आता फक्त आकडा आठवतो.

सध्या चार बाय पाचचा एक कॅनव्हास हातात आहे. मातकट लाल, खाली हिरवा, वर पांढऱ्याचे पातळ थर. गेल्या पावसाळ्यात मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला, कारण रोज बघून नजर बोथट झाली होती. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, त्यामुळे पांढऱ्यावर झाक चढली आहे. उजेडात ठेवलं की ती उतरते. परवा रविवारी तो खिडकीशी आणून उभा केला. दोन-तीन आठवडे लागतील. उजवीकडे खाली वीतभर जागा आहे, जिथे खालचा हिरवा अजून उघडा आहे. तिथे हात लावायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही.